डावा तळहात

मामाला जाऊन अकरा आठवडे झाले तेव्हा फायनल रिपोर्ट हातात आला. "जाऊन" म्हणतेय कारण घरात आम्ही सगळे तसंच म्हणतो, पण तो काही आपणहून गेला नव्हता, त्याला मारलं. गुरुवारी रात्री रस्त्याच्या कडेला सापडला, डोक्याच्या मागच्या बाजूला मार, एक चप्पल पायात आणि एक सहा-सात फुटांवर. दोन माणसं धरली, ती म्हणतात बाचाबाची झाली, आम्ही हात लावला नाही, तो स्वतःच मागे सरकताना घसरून पडला. बघणारं कोणी नाही. म्हणजे त्या रात्री काय झालं ते सांगू शकणारी तीनच माणसं, त्यातली दोन स्वतःला वाचवायला बोलणार आणि तिसरा मामा.

त्यामुळे सगळं येऊन थांबलं पोस्टमार्टमवर.

मला आधी खरंच वाटायचं की पोस्टमार्टम म्हणजे सकाळी सुरू झालं की संध्याकाळी उत्तर. शरीर उघडून तपासणं साधारण दोन ते चार तासांचं काम असतं हे बरोबर आहे, मामाचं पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं आणि तो आम्हाला परत मिळाला, आम्ही त्याला निरोप दिला. पण सोबत जो कागद मिळाला त्यावर मृत्यूचं कारण या रकान्यात लिहिलं होतं की तपासण्यांचे निष्कर्ष आल्यावर मत देण्यात येईल. दादानं तो कागद उलटून मागची बाजू पण बघितली. मागे कोरं होतं. मी त्याच्या शेजारीच उभी होते आणि मी पण पुन्हा एकदा उलटून बघितला.

मग सुरू झाले सोमवार. दर सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी फोन करायचे, पलीकडून एक बाई उचलायच्या, नंबर विचारायच्या, मी नंबर सांगायचे (तो नंबर मला अजून पाठ आहे, माझा स्वतःचा गाडीचा नंबर मला पाठ नाही), मग थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आणि मग "पेंडिंग आहे मॅडम". चौथ्या सोमवारपासून त्या माझा आवाज ओळखायला लागल्या, नंबर विचारायच्या नाहीत, पण तरी बघायच्या, दरवेळी बघून सांगायच्या, न बघता कधीच सांगितलं नाही त्यांनी. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्या बाईंबद्दल मला फार आदर आहे.

वाट बघण्याबद्दल लोक सांगतात की वेळ जात नाही वगैरे. माझं तसं नव्हतं, वेळ जायचा, ऑफिस होतं, नवीन घरातली खोकी फोडायची होती, आठवडा जायचा, फक्त काही ठरत नव्हतं. म्हणजे रडायचं तरी नेमकं कशासाठी ते कळत नव्हतं. अपघात झाला म्हणून रडणं वेगळं असतं आणि कोणीतरी आपल्या माणसाला मारलं म्हणून रडणं वेगळं, त्यात राग असतो, आणि तो राग करायची परवानगी जणू त्या रिपोर्टकडे अडकली होती. दादा तर म्हणायचा, रिपोर्ट येऊ दे, मग बघू. काय बघू ते त्याला पण माहीत नसावं.

हळूहळू लक्षात आलं की घरात एक रिपोर्ट येणार नाहीये, प्रत्येकाचा वेगळा येणारे. दादाला एवढंच हवं होतं की पडला की मारलं. मामीला हवं होतं की तो प्यायलेला नव्हता. आईला हवं होतं की त्याला त्रास झाला का आणि किती वेळ. आणि मला डाव्या तळहाताबद्दलची ओळ हवी होती. म्हणजे हवी होती आणि नको पण होती. ते नंतर सांगते.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त वेळ खाणारं होतं, ते का ते मला तपासणी केलेल्या डॉक्टरांनीच पुढे समजावलं. डोकं स्थिर असताना त्यावर काही मारलं तर मेंदूला इजा साधारण त्याच बाजूला होते जिथे मार बसला. पण चालतं-उभं माणूस मागे पडून डोकं जमिनीवर आपटलं तर बऱ्याचदा मेंदूची मोठी इजा समोरच्या बाजूला, म्हणजे आपटलेल्या जागेच्या बरोबर उलट बाजूला सापडते. त्यामुळे नुसती कवटी बघून भागत नाही, मेंदू आतून नीट बघावा लागतो, आणि ताजा मेंदू इतका मऊ असतो की व्यवस्थित कापता येत नाही. मग तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, घट्ट व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. भांड्याच्या तळाला टेकला तर चपटा होतो म्हणून तळाशी असलेल्या एका रक्तवाहिनीखालून दोरा घालून तो उलटा टांगून ठेवतात.

मेंदू असा ठेवतात हे मात्र मी डॉक्टर भेटायच्या आधीच वाचलं होतं, तेव्हा आम्ही मामाला निरोप देऊन तीन आठवडे झाले होते. मी लॅपटॉप बंद केला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. म्हणजे आम्ही ज्याला निरोप दिला तो सगळा मामा नव्हता, ज्या डोक्यात माझ्या लहानपणाच्या सगळ्या गोष्टी होत्या, मी कुठल्या झाडावरून पडले, दहावीला रिझल्टच्या दिवशी कुठे लपले होते, ते अजून तिकडे एका भांड्यात दोऱ्याला लटकलेलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कुठल्यातरी फॉर्मवर असेल कदाचित, त्या दिवशी आम्ही सह्या करत होतो, वाचत नव्हतो.

इंग्लंडमध्ये याच गोष्टीवरून केवढं मोठं प्रकरण झालं होतं. लिव्हरपूलच्या आल्डर हे या मुलांच्या हॉस्पिटलात गेलेल्या मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतले होते, ते १९९९ मध्ये बाहेर आलं, २००१ मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि मग २००४ मध्ये तिथे मानवी ऊतींसाठी संमतीचा कायदा झाला. काही आईबापांना आपल्या बाळाचे अवयव टप्प्याटप्प्यानं परत मिळाले, त्यांनी दोनदा, तीनदा अंत्यविधी केले. आमची गोष्ट तशी नाही हे मला कळतं, खुनाच्या तपासात हे ठेवावंच लागतं आणि त्याला नातेवाइकांची संमती लागेलच असं नाही. पण सांगायला काय हरकत होती. दोन वाक्यं. "मेंदू तपासणीसाठी ठेवतोय, इतके दिवस लागतील, नंतर काय करायचं ते तुम्हाला विचारू." एवढंच कोणी सांगितलं असतं तर मी ते रात्री एक वाजता स्क्रीनवर वाचलं नसतं. मी आईला आणि मामीला हे सांगितलं नाही, दादाला सांगितलं, तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्यांना नीट बघू दे."

मामीचं वेगळं. त्या दोघांच्या जबाबात होतं की तो प्यायलेला होता, तोल गेला. मामानं नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि ती नऊ वर्षं कशी काढली ते फक्त मामीला माहिती. आता ती दर दोन दिवसांनी मला विचारायची, "रक्तात कळतं ना गं? नक्की कळतं ना?" कळतं, पण तिथे पण सरळ नाही. माणूस गेल्यावर शरीरातले जंतू स्वतःच थोडं अल्कोहोल तयार करू शकतात, म्हणून नुसत्या रक्तावर विसंबत नाहीत, डोळ्यातला जो पारदर्शक द्रव असतो तो पण तपासतात, कारण तो जास्त काळ स्वच्छ राहतो. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "डोळ्यातलं?" आणि मग, "बरंय. डोळ्यातलं खोटं नाही बोलणार." पुढचे अनेक आठवडे ती त्या एका गोष्टीवर तग धरून होती.

आता तळहात.

पहिल्या दिवशी एक अधिकारी आमच्याशी बोलत होते, बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेलं की डाव्या हातावर पण जखम आहे, अडवायचा प्रयत्न केला असेल. बास एवढंच. ते पुढच्या विषयावर गेले. पण आईनं ते वाक्य उचललं. त्या दिवसापासून जो कोणी भेटायला येईल त्याला ती सांगायची की माझा भाऊ शेवटपर्यंत लढला, हातावर वार झेललाय त्यानं, असा, आणि स्वतःचा डावा हात चेहऱ्यासमोर धरून दाखवायची. रोज. कधीकधी दिवसातून तीन-चार वेळा. तेवढं सांगताना तिचा आवाज सरळ व्हायचा, बाकी सगळं बोलताना चिरकायचा.

आणि मला माहीत होतं ती जखम कुठली आहे.

त्याच्या आधीच्या रविवारी मी घर बदललं होतं, मामा मदतीला आला होता. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, मी म्हणत होते मामा थांब, खालच्या मुलांना बोलावते, तो म्हणाला तू सरक, आणि एकटा लावायला गेला आणि कपाटाच्या मागच्या पत्र्याची कड त्याच्या डाव्या तळहातातून गेली. अंगठ्याच्या खालून तिरकी, दोन-अडीच इंच. खूप रक्त आलं. खोक्यांमध्ये फर्स्ट एडचं सामान कुठे आहे ते सापडेना, मी चार खोकी फाडली. टाके घालायला चल म्हणाले तर हसला. तसाच एका हातानं कपाट वर नेऊन ठेवलं आणि नंतर भिंतीची मापं पण घेतली, मला तिथे एक फळी करून देणार होता.

ओळख पटवायला मी आणि दादा गेलो होतो. मी तो हात बघितला. पट्टी नव्हती, पण जागा तीच, तिरकी तशीच. मी अधिकाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, म्हणाले डॉक्टरांना कळवतो. म्हणजे तपासापासून मी काही लपवलं नाही. आईपासून लपवलं. अकरा आठवडे ती हात वर धरून दाखवत होती आणि मी समोर बसून चहाचे कप उचलत होते.

का नाही सांगितलं? सुरुवातीला वाटलं तिच्याकडे तेवढंच आहे, ते कसं काढून घ्यायचं. पण खरं कारण मला नंतर कळलं, किंवा कळूनच घ्यायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणजे तुझ्यामुळे त्याचा हात जायबंदी होता. म्हणजे तो नीट अडवू शकला नाही. आई असं कधीच म्हणाली नसती हे मला आज पण माहिती आहे. ते वाक्य माझंच होतं, मी तिच्या तोंडी घालून तिला घाबरत होते.

आणि मग मी रात्री वाचत बसायचे की जखमेचं वय कसं ठरवतात. जखम झाल्यावर काही तासांत तिथे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी जमतात, एक-दोन दिवसांत साफसफाई करणाऱ्या दुसऱ्या पेशी येतात, तीन ते पाच दिवसांत नवीन बारीक रक्तवाहिन्या आणि भरून काढणाऱ्या पेशी दिसायला लागतात. हृदय थांबलं की हे सगळं थांबतं. म्हणजे कातडीचा एवढासा तुकडा मेणात बसवून, केसापेक्षाही किती तरी पातळ काप काढून, रंगवून काचेवर ठेवला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ही जखम मरणाच्या वेळची की चार दिवस आधीची. कोणीतरी मामाच्या हातात माझा रविवार बघणार होतं.

याच वाचनात कधीतरी ती जुनी गोष्ट सापडली. चीनमध्ये १२४७ साली सोंग त्सी नावाच्या एका न्यायाधिकाऱ्यानं मृतदेह कसे तपासावेत यावर लिहून ठेवलंय, त्यात एक प्रसंग आहे. गावात एकाचा विळ्यानं खून झाला, तपासनीसानं सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर ठेवायला सांगितले, ऊन होतं, थोड्या वेळात एकाच विळ्यावर माश्या जमल्या, धुतला तरी रक्ताचा अंश राहिला होता, आणि त्या माणसानं कबूल केलं. मला त्या गोष्टीचा हेवा वाटला. त्या मेलेल्या माणसाच्या बहिणीला दुपारपर्यंत कळलं असेल. असं वाटायचं आणि लगेच दादाचं वाक्य आठवायचं, त्यांना नीट बघू दे. घाईनं चुकीचं लिहिलेला रिपोर्ट आला असता तर आम्ही जन्मभर तो चुकीचा मामा सांभाळत बसलो असतो.

ऑटोप्सी हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. मी पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की, चार फुटांवरून, आणि मला हातावरच्या एका कापाशिवाय काही दिसलं नव्हतं.

जे कोणी आत्ता अशी वाट बघत असतील त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, मला कोणी सांगितल्या नव्हत्या म्हणून. "रिपोर्ट आला का" असं विचारू नका, नेमकी कुठली तपासणी बाकी आहे ते विचारा, विषाची, ऊतींची की मेंदूची, कारण प्रत्येकीचा वेळ वेगळा असतो आणि एक आली तरी बाकीच्यांसाठी थांबतात. सगळ्यांनी फोन करू नका, एकानं करा. शरीरातलं काय ठेवलंय आणि नंतर त्याचं काय होणार हे पहिल्याच दिवशी विचारा, ऐकवत नसेल तरी विचारा. आणि आपण कोणाला त्रास देतोय असं वाटून घेऊ नका. बेकायदा मृत्यूंच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांची जी मार्गदर्शक चौकट आहे, मिनेसोटा प्रोटोकॉल म्हणतात, १९९१ ची, २०१६ मध्ये सुधारलेली, तिच्यात स्पष्ट आहे की कुटुंबाला तपासाची माहिती मिळाली पाहिजे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतील, पण विचारणं हा आगाऊपणा नाही एवढं धरून चाला. आणि रिपोर्ट आला की एकट्यानं रात्री उघडू नका.

मी उघडला नाही. बाराव्या सोमवारी त्या बाईंनी नेहमीसारखं बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आलाय." मग लगेच म्हणाल्या, "डॉक्टरांची वेळ घेऊन देऊ का?" दोन दिवसांनी मी आणि दादा जाऊन बसलो. डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी एकेक पान समजावलं. मेंदूची मोठी इजा पुढच्या बाजूला, मार मागे, म्हणजे डोकं जमिनीवर आपटलेलं, पडूनच. दादाचा चेहरा उतरला. पण पुढे त्या म्हणाल्या की छातीवर दोन्ही बाजूंना आणि दोन्ही दंडांवर ताज्या मुक्या माराचे डाग आहेत, बोटांनी घट्ट धरल्यासारखे. "तो पडला हे मेंदूवरून सांगता येतं. पाडला का हे मेंदू सांगत नाही. हे डाग काय सांगतात ते मी लिहिलंय, पुढचं कोर्टात." दादानं विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "मी तेवढंच लिहू शकते जेवढं दिसलं." मला ते उत्तर त्या वेळी फार कोरडं वाटलं. आता वाटत नाही.

अल्कोहोल नाही. ना रक्तात, ना डोळ्यात. मामीनं फक्त त्या पानाचा फोटो काढून घेतला, बाकी रिपोर्ट तिनं अजून वाचलेला नाही.

आईचा प्रश्न मी विचारला. डॉक्टर म्हणाल्या, शुद्ध लवकर गेली असणार, किती लवकर ते मिनिटांत सांगता येणार नाही, सांगितलं तर ते खोटं होईल. त्रासासाठी रिपोर्टमध्ये रकाना नसतो. हृदयाचं वजन असतं, ३४० ग्रॅम. मेंदूचं असतं, १३८० ग्रॅम. कपड्यांची यादी असते, शर्टाची दोन बटणं तुटलेली, आणि पँटच्या उजव्या खिशात मोजायची स्टीलची टेप, एक. ते वाचताना माझा आवाज गेला, मग पुढचं दादानं वाचलं.

घरी आल्यावर आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, वाच. मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलं ते सांगते ना. म्हणाली, नको, लिहिलंय ते वाच. मी वाचत गेले, अर्धं तिला कळत नव्हतं, ती थांबवत पण नव्हती. मग चौथ्या पानावर आलं. डावा तळहात, अंगठ्याच्या तळाशी तिरकी कापल्याची जखम, साडेपाच सेंटिमीटर, कडा भरून येत असलेल्या, अंदाजे तीन ते पाच दिवस जुनी, मृत्यूशी संबंध नाही.

आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिनं मांडीवरचा आपला डावा हात उघडला आणि बघत बसली. मी कपाट सांगितलं, जिन्याचं वळण, पत्र्याची कड, तो कसा म्हणाला तू सरक. अकरा आठवडे मला माहीत होतं हे पण सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी रिपोर्टची पानं उगाच जुळवत राहिले.

मग तिनं विचारलं, "खूप रक्त आलं होतं?"

"हो."

"पट्टी कोणी बांधली?"

"मी."

"घट्ट बांधलीस ना?"

"हो आई. घट्ट बांधली होती."